त्याचे ७५ आणि माझे ४८, खरं कोणाचं मानायचं?

नमस्कार ताई,

आम्ही देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, झेडपीच्या शाळेत चौथीत. साडेचार वर्षांचा असल्यापासून त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, लघवीतून प्रोटीन जातं आणि अंगावर सूज येते. आत्तापर्यंत सहा वेळा उलटलंय, शेवटचं गणपतीच्या तोंडावर, मग परत स्टिरॉईड. गणपतीनंतर मुंबईला फॉलोअपला गेलो तर तिथे एक फॉर्म दिला, तेवीस प्रश्न, गेल्या महिन्याभरात हे किती वेळा कठीण गेलं, ते किती वेळा झालं असं सगळं. त्याला वेगळा, मला वेगळा, आणि सिस्टर म्हणाल्या त्याच्या शेजारी बसू नका. फॉर्म हिंदीत होता, त्याला त्यांनी मराठीत वाचून दाखवला. मार्क काढले तर त्याचे ७५ आणि माझे ४८. डॉक्टर घाईत होते, "फरक बराच आहे, घरी बोला" एवढंच म्हणाले. दोन्ही कागदांचे फोटो पाठवतेय.

तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. पाच वर्षं रात्री मी जागवल्या, रोज सकाळी लघवी मी तपासते, आणि याचं म्हणे बरं चाललंय! खोटं का लिहिलंस विचारलं तर म्हणतो "माका बरा हा म्हणान तसा लिवलंय". सासूबाई म्हणतात तूच त्याला आजारी करून ठेवलंस. मिस्टर बोटीवर असतात, ते म्हणाले कागद टाक चुलीत. खरं कोणाचं मानू? आणि पुढच्या वेळी त्याच्याकडून नीट भरून घेऊ का?

एक आई

ताई,

फोटो नीट मिळाले. दोन्ही कागद समोर ठेवून एकेक ओळ शेजारी शेजारी लावून वाचली आणि आधी हेच सांगते की तुमच्या मुलाने खोटं लिहिलेलं नाही आणि तुम्हीपण नाही लिहिलेलं. कसं ते पुढे सांगतेच, पण त्याआधी एक काम करा, "खोटं का लिहिलंस" हे जे त्याला विचारलंत ना ते परत घ्या. मोठं काही बोलू नका, "मी चुकून तसं बोलले, तू तुझं लिहिलंस ते बरोबर" एवढं पुरे. कारण पुढच्या वेळी फॉर्म भरताना आईला काय आवडेल हे त्याच्या डोक्यात आलं की तो कागद कुणाच्याच कामाचा राहणार नाही, ना तुमच्या ना डॉक्टरांच्या.

मी बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात समुपदेशक होते आणि असले फॉर्म खूप मुलांकडून भरून घेतलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

तुम्हाला दिला तो फॉर्म पेड्सक्यूएल नावाचा आहे, मुलाचं रोजचं जगणं कसं चाललंय ते मोजणारा. अमेरिकेतले जेम्स वर्नी नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी तो १९९९ मधे पहिल्यांदा मांडला आणि आता जो वापरतात तो त्याचा पुढचा अवतार, ४.०. त्यात आठ प्रश्न शरीराचे, पाच मनाचे, पाच मित्रांमधलं कसं चाललंय त्याचे आणि पाच शाळेचे. पाच वर्षांपासून पुढे मुलं स्वतःचं स्वतः सांगतात, आई-वडिलांचा फॉर्म दोन वर्षांपासूनच असतो आणि त्यातपण मुलाचंच कसं चाललंय ते लिहायचं असतं. अगदी लहान, पाच ते सातची मुलं असली तर पाचाऐवजी तीनच उत्तरं ठेवतात आणि हसरा चेहरा, साधा चेहरा, रडका चेहरा असं बोट ठेवायला सांगतात. तुमचा नऊ वर्षांचा, म्हणजे आठ ते बारावाला फॉर्म, पाच उत्तरांचा: कधीच नाही, जवळजवळ कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, जवळजवळ नेहमी.

आता मार्क. "कधीच त्रास झाला नाही" याला १००, पुढच्या उत्तराला ७५, मग ५०, मग २५ आणि "जवळजवळ नेहमी" ला ०. तेवीस उत्तरांची बेरीज करून तेवीसने भागायचं, झालं. तुमच्या मुलाची बेरीज १७२५ होते, भागिले २३, बरोबर ७५. तुमची ११००, म्हणजे ४७.८, त्यांनी ४८ धरले. मी दोन्ही परत करून बघितलं, हिशोबात चूक नाहीये.

पण हे शाळेतले मार्क नाहीत हो, ७५ म्हणजे फर्स्ट क्लास आणि ४८ म्हणजे जेमतेम पास असं काही नसतं. धडधाकट मुलांचेपण १०० येत नाहीत, अमेरिकेत वर्नींनी निरोगी मुलांचे काढले तेव्हा मुलांच्या स्वतःच्या उत्तरांची सरासरी ८३ च्या आसपास आली होती, कारण राग, भांडणं, झोप न येणं, गणिताचा कंटाळा हे कुठल्या पोराला चुकलंय. त्या हिशोबाने तुमच्या मुलाचे ७५ अगदी काही भलते नाहीत, थोडे कमी आहेत इतकंच, आणि तेपण आजार उलटलेल्या महिन्यात.

तो महिना कुठला होता ते आठवा बरं. फॉर्म गेल्या महिन्याभराचं विचारतो, आणि हा महिना म्हणजे गणपतीचा. घर माणसांनी भरलेलं, मुंबईचे चाकरमानी आलेले, चुलत-आते भावंडं, शाळेला सुट्टी, रोज रात्री आरत्या आणि भजनं, कुणाच्या ना कुणाच्या घरी उसळ-करंजी. नऊ वर्षांच्या पोराने त्या महिन्याकडे बघून "बरा हा" लिहिलं तर त्यात खोटं काय? आणि तुमचा तोच महिना कसा गेला? आधी सूज, मग तीन दिवस सलग लघवी तपासायच्या पट्टीवर प्रोटीन ३+, मग मुंबईला फोन, गोळ्या परत सुरू, त्यात पाहुण्यांचं जेवणखाण, आणि पापड-लोणचं-सुकट दिसलं की याच्यापासून लपवायचं. तुम्ही त्या महिन्याकडे बघून ४८ दिलेत तेपण खरंच आहे. एकच घर, एकच महिना, पण महिना दोघांचा वेगळा होता.

आता मुद्द्याचं. एकूण आकड्यात अडकू नका, ओळी बघा, सगळं ओळींमधे आहे.

पहिली ओळ जिच्यावर मी थांबले ती चिडवण्याची. दुसरी मुलं चिडवतात का, यावर तुम्ही लिहिलंय "जवळजवळ कधीच नाही", म्हणजे ७५. त्याने लिहिलंय "बऱ्याचदा", म्हणजे २५. ताई, इथे उलटं आहे! बाकी जवळपास सगळीकडे तुम्ही त्याच्यापेक्षा वाईट लिहिलंय, इथे त्याने तुमच्यापेक्षा वाईट लिहिलंय. आणि म्हणूनच मी म्हणते तो खोटं लिहीत नाहीये, ज्या पोराला सगळं बरं आहे असं दाखवायचं असतं तो तेवीसच्या तेवीस ठिकाणी "कधीच नाही" वर टिक मारून मोकळा होतो, असले कागद मी पाहिलेत. तुमच्या मुलाने तसं केलेलं नाही. त्याने चिडवणं "बऱ्याचदा" लिहिलंय, राग "बऱ्याचदा" लिहिलाय, खेळाच्या प्रश्नाला "कधी कधी कठीण जातं" लिहिलंय. विचार करून, एकेक वाचून भरलंय पोराने.

चिडवत असतील कशावरून ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. स्टिरॉईडने चेहरा गोल होतो, गाल वर येतात, पोट सुटतं, भूक भयंकर वाढते. डोस कमी होत गेला की हे हळूहळू उतरतं, पण उतरेपर्यंत रोज वर्गात आणि अंगणात त्याच चेहऱ्याने जायचं असतं. तुमचं मन मोठ्यांच्या सवयीने लगेच शाळेकडे धावेल, बाईंना गाठायचं, मुलांची नावं विचारायची, पण जरा थांबा, त्या महिन्यात गणपतीची सुट्टीपण होती हे परत लक्षात घ्या, चिडवणारे शाळेतले असतील किंवा मुंबईहून आलेली भावंडंपण असू शकतील, वर्षाने भेटणाऱ्यांना चेहऱ्यातला फरक पटकन दिसतो. आधी त्याच्याकडूनच कळू दे. समोर बसवून "कोण चिडवतं सांग" असं नको, तसं विचारलं की मुलं गप्प होतात. हाताला काहीतरी काम असताना विचारा, सुपात तांदूळ निवडताना, जेटीवर चालत जाताना, आणि प्रश्न असा ठेवा की त्याला नाव घ्यावं लागू नये, "गोळ्यांनी गाल फुगतात त्यावरून कोण काय बोलतं का रे?" एकदा नाही बोलला तर सोडून द्या, चार दिवसांनी परत. आणि बोलला तर लगेच धावत जाऊन भांडू नका, आधी त्यालाच विचारा तुला काय वाटतं, मी बाईंना सांगू की नको.

दुसरी ओळ रागाची. तिथे दोघांचं उत्तर एकच आहे, "बऱ्याचदा", २५ आणि २५. ४८ आणि ७५ देणारी दोन माणसं जेव्हा एका ओळीवर एकच बोलतात तेव्हा ती ओळ डॉक्टरांना दाखवायलाच हवी. स्टिरॉईडने मुलं चिडचिडी होतात, झोप बिघडते, उगाच रडू येतं, हे डॉक्टरांना माहीत असतं पण कोणी सांगितलं नाही तर घाईच्या ओपीडीत विषयच निघत नाही. गोळी सकाळी खाल्ल्यानंतर देणं, डोसचं वेळापत्रक बघणं, काय करायचं ते ते ठरवतील. फक्त एक हात जोडून सांगते, चिडचिड होते म्हणून गोळी स्वतःहून कमी करू नका आणि बंद तर अजिबात करू नका, बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉईड एकदम तोडलं तर शरीराला ते झेपत नाही, धोका होतो. घरात राग आला की "किती चिडतोस" च्या ऐवजी "गोळीने होतंय हे, तुझा दोष नाही" असं म्हणून बघा, मुलांना फार सुटल्यासारखं वाटतं, मी पाहिलंय.

तिसरी ओळ धावण्याची, आणि ही तुम्हाला जरा टोचेल. धावायला कठीण जातं का, तुम्ही "बऱ्याचदा", तो "जवळजवळ कधीच नाही". इथे स्वतःलाच एक विचारा, त्याला धावता येत नाही की तुम्ही धावू देत नाही? फॉर्म पहिलं विचारतोय, तुम्ही दुसऱ्याचं उत्तर दिलंय असं मला वाटतं. तसंच जड उचलणं, घरातली छोटी कामं, यावर तुम्ही "कधी कधी" लिहिलंय आणि त्याने दोन्हीकडे "कधीच नाही". "तू बस, तुका दम लागतलो" हे वाक्य मी कोकणातल्या किती घरांत ऐकलंय, मायेपोटीच म्हणतात सगळे. पण सूज नसताना, लघवी साफ असताना या मुलांनी बाकीच्यांसारखं खेळावं, शाळेत जावं असंच डॉक्टर साधारणपणे सांगतात. तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, क्रिकेट चालेल का, पोहणं चालेल का, पीटीच्या तासाला उभा राहू दे का, आणि जे सांगतील ते चिठ्ठीवर लिहून मागा, एक कॉपी वर्गशिक्षकांना द्या. चिठ्ठी असली की मास्तरांचीपण भीती जाते, नाहीतर तेसुद्धा त्याला बाकावर बसवून ठेवतात.

आणि आता ती ओळ. पुढे काय होईल याची काळजी वाटते का. त्याने लिहिलंय "कधीच नाही". तुम्ही त्याच्या नावाने लिहिलंय "बऱ्याचदा". ताई, ही काळजी त्याची नाहीये. ती तुमची आहे. दुःखी वाटतं का, तिथेही तुमचं "बऱ्याचदा" आणि त्याचं "जवळजवळ कधीच नाही". मनाच्या पाच प्रश्नांत त्याचे ७५ आणि तुमचे ३५, सगळ्यात मोठी दरी तिथेच आहे. पाच वर्षं रोज सकाळी पट्टीचा रंग बघून ज्या बाईचा दिवस ठरतो तिने मुलाच्या डोळ्यात स्वतःची भीती पाहिली तर तिची चूक कोण काढेल, मी तर नाही काढणार. पण हे ओळखायला हवं, कारण हा ४८ चा कागद त्याच्यापेक्षा जास्त तुमचीच तब्येत सांगतोय, आणि त्या तब्येतीकडे घरात कोणाचं लक्ष आहे असं पत्रावरून वाटत नाही. सासूबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, आजार तुम्ही आणलेला नाही. वर्नींच्याच लोकांनी पुढे घरच्यांसाठी वेगळा फॉर्म केला, ३६ प्रश्नांचा, आई-बापाचा थकवा, काळजी, घरातलं बोलणं-चालणं विचारणारा, म्हणजे आजारी मुलाच्या घरात आईचीपण मोजणी व्हायला हवी हे या विषयातल्या लोकांना कधीच कळलंय. पुढच्या वेळी डॉक्टरांना किंवा तिथल्या समाजसेविकेला सरळ सांगा, "माझी झोप गेलीय". आणि त्याआधी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

तुम्ही एकट्या नाही यात. जगभर जिथे जिथे मुलाचा आणि आईचा फॉर्म शेजारी ठेवून पाहिलाय तिथे हेच परत परत दिसलंय, की चालणं, धावणं, आंघोळ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत दोघांचं बऱ्यापैकी जुळतं आणि मनातल्या, मित्रांमधल्या गोष्टींत जुळत नाही, आणि आजारी मुलांचे आई-बाप बहुतेक वेळा मुलांपेक्षा कमीच मार्क देतात. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचाल कठीण जाते तो आजार, असलेल्या मुलांचा युरोपातला एक मोठा अभ्यास २००७ मधे आला, सात देशांतली आठ ते बारा वर्षांची मुलं, त्यात ज्यांना स्वतः उत्तरं देता आली त्यांना विचारलं तर त्यांचं आयुष्य त्यांच्या मते बहुतेक बाबतीत बाकीच्या मुलांसारखंच होतं. मोठ्यांना हे पटायला जड गेलं. पण त्यात ज्या मुलांना दुखत होतं, वेदना होत्या, त्यांनी मात्र कमी सांगितलं होतं, म्हणजे मुलं उगाच गोड बोलत नव्हती, जिथे दुखतं तिथे दुखतं म्हणत होती. जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून जो आजार सोबत आहे तो मुलाला आयुष्याचाच भाग वाटतो, आपल्याला मात्र तो मधेच घरात शिरलेला वाटतो, कारण आपण आधीचं आयुष्य पाहिलेलं असतं. तुमच्या मुलाला साडेचारच्या आधीचं काय आठवणार?

मिस्टरांना सांगा कागद चुलीत टाकू नका. त्यांचं म्हणणं समजतं, औषध चालू आहे, पट्टी साफ आहे, मग हे प्रश्न कशाला. पण पट्टी फक्त किडनीचं सांगते. पट्टी निगेटिव्ह आली त्या दिवशीसुद्धा पोरगं शाळेत एकटं बसलेलं असू शकतं आणि हे पट्टीला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मधेच आरोग्याच्या व्याख्येत शरीर, मन आणि समाजातलं जगणं तिन्ही घातलंय, पण मोजायचं म्हटलं की वर्षानुवर्षं रक्त आणि लघवीच मोजली गेली, आणि विचारलं तरी मुलाला सोडून त्याच्या आई-बापाला विचारलं. मुलालाच विचारायचं हे बरंच उशिरा आलं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे. बालहक्कांच्या करारातपण आहे ना ते, मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, बारावं कलम, भारताने १९९२ मधे मान्य केलंय.

एक मात्र खरं, फॉर्म काही देवाचा कौल नाही. मूळ इंग्रजीत चालण्याचा प्रश्न "एका ब्लॉकपेक्षा जास्त चालायला कठीण जातं का" असा आहे, आता अमेरिकेच्या शहरातला ब्लॉक म्हणजे एका चौकातून पुढच्या चौकापर्यंत, आपल्याकडे ब्लॉक म्हटलं की मुंबईतला फ्लॅट नाहीतर तालुका. भाषांतर करताना म्हणूनच नुसते शब्द बदलून भागत नाही, भाषांतर परत मूळ भाषेत करून तपासतात, मुलांना वाचायला देऊन तुला काय कळलं विचारतात. तुमच्याकडे तर हिंदी कागद, सिस्टरांचं मराठी आणि पोराच्या डोक्यात मालवणी, एवढा प्रवास झाला. त्यामुळे त्याला घरी सहज विचारा की अमुक प्रश्न तुला कसा समजला होता, उत्तर बदलायला नाही, फक्त समजून घ्यायला. आणि वाडीतून घाटी चढून शाळेत जाणं हे त्याचं रोजचं चालणं आहे, डॉक्टरांना सांगायचं तर तेच सांगा, "घाटी चढताना थांबत नाही", हे ब्लॉकपेक्षा चांगलं कळेल.

फॉर्ममधे न मावणारी दुसरी गोष्ट अंतर. शाळेच्या भागात दवाखान्यासाठी शाळा बुडते का असा प्रश्न आहे, त्याने "कधी कधी", तुम्ही "बऱ्याचदा". इथे दोघांचं ऐकायची गरजच नाही, हजेरीपट बघा. मुंबईत राहणाऱ्या मुलाची फॉलोअपला एक सकाळ जाते, तुमची कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या, दुसरा दिवस रांगेत, परतीचा प्रवास, वर एक दिवस झोपेचा, चार दिवस गेले की नाही? गेल्या वर्षात असे किती दिवस गेले ते बाईंकडून मोजून घ्या आणि तो आकडा डॉक्टरांसमोर ठेवा. मधल्या काही तपासण्या ओरोसला जिल्हा रुग्णालयात करून रिपोर्ट पाठवले तर चालेल का, एखादी फेरी फोनवर होईल का, तारीख शनिवार-सुट्टीला जोडून मिळेल का, हे सगळं विचारायला लाजू नका. नाही म्हणाले तर नाही, पण आकडा हातात असला की विचारणं सोपं जातं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, त्याच्याकडून "नीट" भरून घेऊ नका. पुढच्या वेळी जमलं तर फॉर्म रक्त काढायच्या आधी भरायला मागा, सुई टोचल्यावर भरलेल्या कागदात सुईच जास्त उतरते. डॉक्टरांना भेटायच्या आधी झालेला बरा, म्हणजे ते तो बघून बोलू शकतात. आणि पुढचा आकडा आला की तो दुसऱ्या कोणाच्या मुलाशी नाही, याच्या स्वतःच्या ७५ शी लावायचा. एक-दोन मार्क वर-खाली झाले तर काही समजू नका, वर्नींच्या लोकांनी काढलेलं माप असं आहे की मुलाच्या फॉर्ममधे साधारण साडेचार मार्कांचा फरक पडला तर तो जाणवण्यासारखा धरायचा, त्याच्या आत असेल तर सोडून द्या. आणि या वेळी आजार उलटलेला होता, पुढच्या वेळी कदाचित नसेल, तेपण कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, "गोळी रोज" की "एक दिवसाआड" की "बंद". मिस्टर किनाऱ्यावर असले तर त्यांनापण एक फॉर्म भरायला लावा, तिसरा आकडा येईल आणि तो तुमच्या दोघांपेक्षा वेगळा असेल याची मला खात्री आहे.

तोपर्यंत घरी एक करता येईल. रोजच्या पट्टीची वही तुमच्याकडे असेलच, तारीख, निगेटिव्ह-ट्रेस-१+, गोळी दिली का. त्यात शेजारी एक रकाना आखा आणि तो त्याला देऊन टाका. रोज रात्री त्याने स्वतः त्यात काहीतरी भरायचं, हसरा-रडका चेहरा काढू दे, "किरकेट" लिहू दे, नाहीतर नुसती फुली मारू दे. शुद्धलेखन बघायचं नाही, का असं लिहिलंस विचारायचं नाही, आणि सासूबाईंनी पण वाचून दाखवायचं नाही. महिन्याभराने मुंबईला जाताना ती वही तशीच न्या, डॉक्टरांना दोन्ही रकाने शेजारी शेजारी दिसू देत, आणि सिस्टर त्याला घेऊन आत बसल्या की तुम्ही खाली कँटीनला जाऊन गरम चहा प्या, पंधरा मिनिटं तरी.

तुमची,
ताई